संत्राबागेतील फुलपाखरू आणि पतंग

संत्र्याला नवती फुटली की काळ्या-पिवळ्या पंखांचे लिंबावरील फुलपाखरू दिवसाउजेडी बागेत घिरट्या घालू लागते. फळे रंगू लागली की त्याच बागेत रात्री रसशोषक पतंग उतरतो. विदर्भातील बागायतदाराचे नुकसान दोघेही करतात. परंतु दोघांचे जीवनक्रम परस्परांच्या अगदी उलट आहेत.

फुलपाखराची मादी कोवळ्या पानांवर एकेक अंडे घालते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून दुभागलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. रोपवाटिकेतील रोपे व नवीन लागवडीची झाडे ती पर्णहीन करते. प्रौढ फुलपाखरू मात्र फुलांतील मधुरसावर जगते. फळाला त्याचा उपद्रव नाही.

पतंगाचे पुढचे पंख वाळलेल्या पानासारखे तपकिरी, तर मागचे नारिंगी असून त्यांवर काळे पट्टे असतात. त्याची अळी संत्र्याच्या झाडावर वाढतच नाही. ती गुळवेल, वासनवेल अशा कुंपणावरील वेलींवर पोसते. उपद्रव होतो तो प्रौढ पतंगाचा. कठीण, दातेरी सोंडेने तो साल भेदून रस शोषतो. त्या छिद्रातून बुरशी व जिवाणू शिरतात, फळ सडते आणि गळते. आंबिया बहाराच्या फळांना हा त्रास विशेष जाणवतो.

म्हणूनच पतंगाच्या अळीसाठी संत्र्याच्या झाडांवर केलेली फवारणी व्यर्थ जाते. बागेभोवतीच्या या वेली काढणे, गळलेली फळे रोज गोळा करून खोल पुरणे, संध्याकाळी धूर करणे आणि गूळ व फळांच्या रसाचे विषारी आमिष ठेवणे हे उपाय उपयोगी ठरतात. गुळवेल औषधी आहे हे खरे, पण ती संत्राबागेच्या बांधावर नको. फुलपाखराच्या अळ्या मात्र लहान बागेत हाताने वेचल्या तरी पुरते.

फळगळीचे कारण पतंग की फळमाशी, असा संभ्रम नेहमी होतो. छिद्र पडलेले फळ दाबल्यास रस बाहेर येतो. ते कापल्यावर आत अळ्या आढळल्या तर फळमाशी. नसतील आणि छिद्राभोवतीचा भाग मऊ पडलेला असेल, तर पतंगाचा संशय घ्यावा. खात्रीसाठी अंधार पडल्यावर विजेरी घेऊन बागेत फेरी मारावी. फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे प्रकाशात चमकतात.