कुलमाता : आदिवासी समाजातील आजीचे स्थान

दरवर्षी २६ जुलै रोजी ख्रिस्तसभा प्रभू येशूचे आजी-आजोबा संत आन्ना व संत योआकिम यांचा सण साजरा करते. कॅनडातील आदिवासी कॅथोलिक भाविकांना संत आन्ना विशेष प्रिय आहे. तेथील अनेक जमातींमध्ये आजीला जे स्थान आहे, त्यात या भक्तीचे मूळ सापडते.

सर्व जमातींची रीत एकसारखी नाही. कॅनडा व अमेरिका यांच्या सीमाभागातील मोहॉक, सेनेका आदी सहा जमातींचा हौदेनोशोनी संघ हे तिचे ठळक उदाहरण होय. येथे मूल आईच्या कुळाचे मानले जाते. पूर्वी एका लांबलचक घरात एकाच कुळातील आई, लेकी व नाती राहत. विवाहानंतर जावई तेथे राहावयास येई. मका, घेवडा व भोपळा यांची शेती स्त्रियांकडे असे आणि धान्याची वाटणीही त्याच करीत.

कुळाचा प्रमुख पुरुष असला, तरी त्याला निवडते ती ज्येष्ठ स्त्री, म्हणजेच कुलमाता. तो कर्तव्याला चुकल्यास ती त्याला तीनदा समज देते. तरीही तो न सुधारल्यास त्याचे पद काढून घेतले जाते. ज्या स्त्रियांनी त्याला अंगाखांद्यावर वाढविले, त्याचा संयम आणि राग लहानपणापासून पाहिला, त्यांच्याइतके त्याला कोण ओळखणार? येशूसंघीय फादर लाफितो यांनी १७२४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्त्रियांच्या या अधिकाराची नोंद केली आहे. २०१२ साली संतपद लाभलेली कटेरी तेकाक्विथा (१६५६–१६८०) ही याच मोहॉक जमातीची. बालपणीच देवीच्या साथीत तिचे आईवडील गेले. पुढे माँट्रियलजवळच्या मिशनमध्ये अनास्तासिया नावाच्या वडीलधाऱ्या ख्रिस्ती स्त्रीने तिला श्रद्धेत वाढविले.

कुलमातेचा अधिकार संगोपनातून येतो. म्हणूनच मुले दुरावली की तो मुळापासून उखडतो. कॅनडात नेमके हेच घडले. शासनाच्या धोरणानुसार सुमारे दीड लाख आदिवासी मुले निवासी शाळांत धाडण्यात आली. तेथे त्यांना मातृभाषा बोलण्यास मज्जाव होता. यांतील अनेक शाळा कॅथोलिक संस्था चालवीत, हे सत्य आपण नाकारू शकत नाही. सुटीत घरी आलेल्या नातवंडाला आजीचे बोलणे कळेनासे झाले.

२५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी आल्बर्टा प्रांतातील मास्क्वाचिस येथे याबद्दल क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी, संत आन्नाच्या सणाला, ते लाक सेंट ॲन या तीर्थस्थानी गेले. आदिवासी आजींना आपल्या भाषेतून व संस्कृतीतून श्रद्धेचा वारसा देण्यापासून रोखले गेले, याची खंत त्यांनी तेथे व्यक्त केली.

श्रद्धा प्रथम घरच्या भाषेत, आजीच्या तोंडून कानी पडते. संत आन्नाच्या सणाला ज्यांच्या घरी आजी आहे, त्यांनी क्षणभर तिच्याजवळ बसावे आणि तिचे बोल ऐकावेत.