मॅकबेथची मेलेली टोचणी

अपराधाची टोचणी माणसाला सुधारते, असा आपला भाबडा समज असतो. शेक्सपिअरचा मॅकबेथ तो खोडून काढतो. राजा डंकनचा खून करताच त्याच्या तोंडून साधं 'आमेन' निघेना. रक्ताळलेले खंजीर जागेवर ठेवायला परत जायची त्याची छाती होईना. ते काम बायकोनं केलं, वर थोड्या पाण्यानं हात धुतले की झालं, असं सुनावलंही. पुढे तो राजा होतो, तेव्हा मात्र पारडं फिरतं. मित्र बँकोच्या खुनाचा बेत तो तिच्यापासूनच लपवतो, सरदार मॅकडफच्या बायकामुलांवर मारेकरी घालताना तर कचरतही नाही. आणि तिला रात्रभर जवळ दिवा लागतो, झोपेत चालताना ती हात चोळत राहते.

यात टोचणी कसली, ही तर गादी जाण्याची भीती, असं कोणी म्हणेल. बँकोपुरतं ते बरंचसं खरं आहे. पण 'आमेन' घशात अडलं तेव्हा खुनाचा पत्ताही बायकोखेरीज कुणाला नव्हता, आणि दारावरच्या थापांनी डंकन जागा झाला तर बरं, असं त्याला त्याच रात्री वाटून गेलं होतं. टोचणी होतीच, ती सोसवेना, म्हणून एकामागून एक खून पाडत त्यानं तिलाच बधिर केलं. शेवटी वाड्यात बायकांचा आक्रोश उठतो, तेव्हा आपण आता दचकतही नाही, हे त्याचं त्यालाच जाणवतं.