तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य

तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा पोलीस कोठडीतील लैंगिक अत्याचाराविषयीचा, भारतीय फौजदारी कायद्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचा खटला आहे. २६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. या निकालाविरुद्ध देशभर उमटलेल्या प्रतिक्रियेतून १९८३ चा फौजदारी कायदा (सुधारणा) अधिनियम संमत झाला. वृत्तपत्रे आणि चळवळीतील लेखन यांत हे प्रकरण त्या मुलीच्या नावानेच ओळखले गेले. पुढे याच सुधारणेने पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा ठरवला.

पार्श्वभूमी

देसाईगंज हे गाव वैनगंगेच्या खोऱ्यात असून त्याचे रेल्वे स्थानक वडसा या नावाने प्रसिद्ध आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला, तेव्हापासून देसाईगंज गडचिरोली जिल्ह्यात मोडते.

पीडित मुलगी लहानपणीच पोरकी झाली होती. ती भावासोबत राहत असे व मोलमजुरी करून पोट भरत असे. ज्या घरी ती कामाला जात होती, तेथील एका नातेवाईक तरुणाशी तिचे प्रेमसंबंध जुळले व दोघांनी लग्न करण्याचे ठरवले. हे भावास मान्य नव्हते. आपल्या बहिणीला पळवून नेल्याची फिर्याद त्याने देसाईगंज ठाण्यात दिली. त्यावरून मुलीसह संबंधित सर्वांना रात्री ठाण्यात आणण्यात आले.

हवालदाराने जबाब नोंदवल्यानंतर रात्री साडेदहाच्या सुमारास सर्वांना घरी जाण्यास सांगण्यात आले व हवालदारही निघून गेला. मुलीला मात्र ठाण्यात थांबवून घेण्यात आले. तिचे नातेवाईक बाहेर थांबले असताना, ठाण्याचे दिवे मालवून व दार लावून घेऊन आत अत्याचार झाला, अशी तिची तक्रार होती. एका पोलिसावर बलात्काराचा, तर दुसऱ्यावर विनयभंगाचा आरोप ठेवण्यात आला. वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री झाली. मुलीच्या अंगावर जखमा आढळल्या नाहीत. तिचे वय १४ ते १६ वर्षांच्या दरम्यान असावे, असा डॉक्टरांचा अंदाज होता.

न्यायालयीन प्रवास

सत्र न्यायालय : चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. मुलगी १६ वर्षांखालील असल्याचे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने ठरवले. तत्कालीन कायद्यानुसार १६ वर्षांखालील मुलीच्या संमतीस काहीच अर्थ नव्हता. त्यामुळे वयाचा मुद्दा निकालात निघताच सारा खटला संमतीच्या प्रश्नावर येऊन ठेपला. मुलीचे पूर्वीचे संबंध विचारात घेऊन न्यायालयाने तिची साक्ष अविश्वसनीय मानली. शरीरसंबंध झाला असला तरी बलात्कार सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला.

उच्च न्यायालय : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी हा निकाल फिरवला. आरोपी मुलीला पूर्णपणे अपरिचित होते आणि तिच्या भावाच्या फिर्यादीची चौकशी ज्या ठाण्यात चालली होती, त्याच ठाण्यातील ते पोलीस होते. अशा परिस्थितीत तिने स्वतःहून संबंधाची इच्छा व्यक्त केली असेल, हे संभवत नाही, असे खंडपीठाचे म्हणणे होते. भीतीपोटी निमूटपणे सोसणे आणि संमती देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या निकालाचा गाभा होता. एका आरोपीस बलात्काराबद्दल ५ वर्षांची, तर दुसऱ्यास विनयभंगाबद्दल १ वर्षाची शिक्षा झाली.

सर्वोच्च न्यायालय : न्या. जसवंत सिंग, न्या. पी. एस. कैलासम आणि न्या. ए. डी. कोशल यांच्या पीठाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी दोन्ही शिक्षा रद्द केल्या. निकालपत्र न्या. कोशल यांनी लिहिले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही. प्रतिकाराची हकीकत खोटी ठरते, म्हणून आरडाओरड केल्याचे सांगणेही विश्वासार्ह राहत नाही, असा युक्तिवादाचा क्रम होता. भीतीमुळे संमती दूषित ठरण्यासाठी ती मृत्यूची किंवा इजेची भीती असावी लागते, असे तत्कालीन कलम ३७५ सांगत होते. तशी भीती दाखवणारा पुरावा नसल्याचे न्यायालयाने नमूद केले. दुसऱ्या आरोपीबाबत तक्रार आणि न्यायालयातील साक्ष यांत तफावत असल्याने त्यालाही संशयाचा फायदा मिळाला.

तिन्ही न्यायालयांसमोर पुरावा एकच होता. मतभेद होता तो एका प्रश्नावर : रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात एकट्या राहिलेल्या मुलीच्या मौनाचा अर्थ काय लावायचा?

खुले पत्र

दिल्ली विद्यापीठातील उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार व रघुनाथ केळकर आणि पुणे विद्यापीठातील वसुधा धागमवार या चार विधी-अध्यापकांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमतीत निमूटपणे सोसणे दिसू शकते. पण निमूटपणे सोसण्यात संमती असतेच असे नाही, हा भेद त्यांनी मांडला. मुलीला ठाण्यात थांबवून घेण्याच्या कृतीबद्दल निकालपत्रात निषेधाचा एक शब्दही नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. १९७८ मध्येच नंदिनी सत्पथी खटल्यात एका स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलावण्याच्या प्रकाराबद्दल याच न्यायालयाने नापसंती व्यक्त केली होती. एका माजी मुख्यमंत्री स्त्रीला मिळालेली ही दखल खेड्यातील मजूर मुलीला मात्र मिळाली नाही, हा विरोधाभास त्यामुळे ठळक झाला.

पत्र प्रसिद्ध झाल्यानंतर १९८० च्या प्रारंभी मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला. ८ मार्च १९८० रोजी, आंतरराष्ट्रीय महिला दिनी, देशातील अनेक शहरांत निदर्शने झाली व खटल्याच्या फेरविचाराची मागणी करण्यात आली. विदर्भात नागपूरच्या सीमा साखरे यांनी स्त्री अत्याचारविरोधी परिषदेच्या माध्यमातून हा प्रश्न लावून धरला. हैदराबाद (१९७८) व बागपत (१९८०) येथील पोलीस अत्याचारांच्या घटनांनी या असंतोषात भर घातली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मात्र कायम राहिला.

१९८३ ची सुधारणा

विधी आयोगाने एप्रिल १९८० मध्ये ८४ वा अहवाल सादर केला. त्याच वर्षी संसदेत विधेयक मांडण्यात येऊन ते संयुक्त समितीकडे गेले. डिसेंबर १९८३ मध्ये अमलात आलेल्या अधिनियमातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे होत्या :

१. ठाण्याच्या आवारात किंवा आपल्या ताब्यातील स्त्रीवर पोलीस अधिकाऱ्याने केलेला बलात्कार हा स्वतंत्र, अधिक गंभीर गुन्हा ठरला. त्यास किमान १० वर्षांची शिक्षा ठेवण्यात आली. लोकसेवक, तुरुंग व रुग्णालय यांच्या ताब्यातील स्त्रियांनाही हे संरक्षण मिळाले.

२. भारतीय पुरावा अधिनियमात कलम ११४-अ समाविष्ट झाले. कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला व आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी ही तरतूद आहे.

३. अशा खटल्यांची सुनावणी बंद दालनात घेण्याची तरतूद झाली.

४. कलम २२८-अ अन्वये पीडितेची ओळख उघड करण्यास मनाई झाली.

आयोगाच्या सर्वच शिफारशी तेव्हा स्वीकारल्या गेल्या नाहीत. पीडितेच्या पूर्वायुष्यावरून तिची साक्ष खोडून काढण्याची मुभा पुरावा अधिनियमात राहिली. ती २००२ मध्ये वगळण्यात आली. अमेरिकेत याच काळात हा वाद सुरू होता व मिशिगन राज्याने १९७४ मध्येच अशा पुराव्यावर निर्बंध घातले होते. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला सर्वसाधारणपणे अटक करू नये, हा नियम भारतात २००५ च्या सुधारणेने आला.

सुधारणेवरील मतभेद

आरोपी दोषी ठरेपर्यंत निर्दोष मानला जातो आणि गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते, हे फौजदारी न्यायाचे मूलतत्त्व आहे. कलम ११४-अ हा त्यास अपवाद असल्याने त्यावर आक्षेप घेण्यात आले. निरपराध व्यक्ती शिक्षेस पात्र ठरण्याची भीती हा त्यातील मुख्य आक्षेप होता. समर्थकांचे उत्तर असे की, कोठडीची दारे, दिवे आणि दप्तर ही सर्व एकाच पक्षाच्या हाती असतात. तेथे संमती नसल्याचा बाह्य पुरावा आणण्यास स्त्रीला सांगणे म्हणजे अशक्य गोष्ट मागणे होय. शिवाय हे गृहीतक खंडनीय आहे. संबंध झाला हे सरकार पक्षाला आधी सिद्ध करावेच लागते आणि आरोपीला विरुद्ध पुरावा देता येतो.

दुसरी टीका उलट दिशेने झाली. गृहीतक केवळ कोठडीसारख्या ठरावीक परिस्थितींपुरते मर्यादित असल्याने इतर खटल्यांत जखमा व प्रतिकार यांचाच शोध घेतला जात राहिला. फ्लेविया ॲग्नेस यांनी १९८० च्या दशकातील स्त्रीविषयक कायद्यांचा आढावा घेताना, शिक्षा वाढवण्यावर भर देणाऱ्या कायद्यांचा प्रत्यक्ष परिणाम अल्प राहिल्याची टीका केली. तपास, वैद्यकीय तपासणी आणि न्यायालयातील उलटतपासणी यांत बदल झाल्याखेरीज वाढीव शिक्षा कागदावरच राहते, हा या टीकेचा आशय आहे.

पुढील बदल

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर नेमलेल्या न्या. जे. एस. वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये कायद्यात पुन्हा सुधारणा झाली. संमती म्हणजे निःसंदिग्ध व स्वेच्छेने दिलेला होकार, अशी व्याख्या कायद्यात आली. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही, हेही स्पष्ट करण्यात आले. १९७८ च्या निकालातील मुख्य युक्तिवाद यामुळे कायद्यानेच बाद ठरवला. पूर्वीचे संबंध तपासण्यासाठी केली जाणारी तथाकथित 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पीडितेच्या खाजगीपणाचा भंग ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्यास गैरवर्तणुकीबद्दल दोषी धरण्याचे निर्देश दिले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. कलम ११४-अ मधील गृहीतक आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२० मध्ये आहे, तर ओळख उघड करण्यावरील मनाई न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे.

फौजदारी कायद्यातील नवी शिक्षा पूर्वी घडलेल्या कृत्यास लावता येत नाही, असे भारतीय राज्यघटनेचे अनुच्छेद २० सांगते. त्यामुळे देसाईगंजच्या प्रकरणातून घडलेल्या एकाही दंडात्मक तरतुदीचा लाभ त्या मुलीच्या स्वतःच्या खटल्यास मिळू शकला नाही.