योकाई

जपानी लोकविद्येतील भुतेखेते, मायावी पशू व अद्‌भुत जीव यांना उद्देशून वापरली जाणारी व्यापक संज्ञा. ओनी (राक्षस), कप्पा, तेंगू तसेच रूप पालटणारे कित्सुने (कोल्हा) व तानुकी हे त्यांतील प्रमुख होत. तोरियामा सेकिएन याच्या १७७६ मधील चित्रसंग्रहामुळे त्यांची रूपे रूढ होण्यास हातभार लागला. त्यांच्यावरील विश्वास पुढे ओसरला. तथापि म्हणी, वाक्‌प्रचार, खेळ व खाद्यपदार्थांची नावे यांतून ते जपानी भाषेत टिकून आहेत. ज्या जीवाचा जो विशेष गुण, तोच बहुधा वाक्‌प्रचाराचा आधार असतो.

ओनी हा शिंगे असलेला, हाती लोखंडी सोटा घेणारा राक्षस. मुळात बलवान असलेल्याला आणखी बळ लाभले, की ‘ओनीच्या हाती सोटा’ असे म्हणतात. ‘ओनी नाही तोवर कपडे धुणे’ म्हणजे धाक असलेली व्यक्ती दूर असताना मोकळेपणा उपभोगणे. ‘पुढच्या वर्षाचे बोलले, की ओनी हसतो’ ही म्हण भविष्याची अनिश्चितता सुचविते. मुलांच्या शिवाशिवीच्या खेळात ज्याच्यावर राज्य येते, त्यालाही ओनीच म्हणतात.

कप्पा हा नद्या-तळ्यांत राहणारा, लहान मुलाएवढा जीव. त्याच्या माथ्यावरील खोलगट भागातले पाणी सांडले, की त्याची शक्ती नाहीशी होते, अशी समजूत आहे. ‘कप्पाही प्रवाहात वाहून जातो’ म्हणजे निष्णात माणसाच्या हातूनही चूक होते. कप्पाला काकडी प्रिय, म्हणून काकडी घातलेल्या भाताच्या गुंडाळीस ‘कप्पामाकी’ हे नाव पडले. पावसाळी अंगरख्यासही जपानीत कप्पा म्हणतात. परंतु तो शब्द पोर्तुगीज ‘कापा’वरून आला असून त्याचा या जीवाशी संबंध नाही.

तेंगू डोंगरांतील अरण्यांत राहतो. त्याचे नाक फार लांब असते. जपानीत ‘नाक उंच असणे’ म्हणजे अभिमान बाळगणे. त्यामुळे गर्वाने फुगलेला माणूस ‘तेंगू झाला’ असे म्हटले जाते. गर्विष्ठ भिक्षू मरणोत्तर तेंगू होतात, ही बौद्ध परंपरेतील समजूतही याला पोषक ठरली.

ऊन असताना पाऊस पडला, तर त्यास जपानीत ‘कोल्ह्याचे लग्न’ म्हणतात. मराठीतही हाच वाक्‌प्रचार आढळतो. तळलेले तोफू कोल्ह्याला आवडते, या समजुतीवरून ते घातलेल्या शेवयांच्या पदार्थाला ‘कित्सुने उदोन’ म्हणतात. तानुकी हा श्वानकुलातील एक खरा प्राणी असून लोककथांत तो सोंगे घेणारा म्हणून प्रसिद्ध आहे. ‘तानुकीची झोप’ म्हणजे झोपेचे सोंग. ‘न पकडलेल्या तानुकीच्या कातड्याचा हिशेब’ ही म्हण मराठीतील ‘बाजारात तुरी’ची आठवण करून देते. मुजिना हे नाव सामान्यतः बिज्जूसारख्या दुसऱ्या एका प्राण्याचे असले, तरी काही भागांत ते तानुकीलाही लावतात. ‘एकाच बिळातील मुजिना’ म्हणजे एकाच माळेचे मणी.

नावांच्या या सरमिसळीचा प्रश्न एकदा न्यायालयापर्यंत गेला. १९२४ मध्ये तोचिगी प्रांतातील एका शिकाऱ्यावर बंदीच्या काळात तानुकी मारल्याचा आरोप आला. आपण मारला तो मुजिना, असे त्याचे म्हणणे होते. तत्कालीन सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये त्याला निर्दोष ठरविले. बंदी सुरू होण्यापूर्वीच प्राणी त्याच्या ताब्यात आले होते. शिवाय तानुकी व मुजिना भिन्न असल्याची समजूत पूर्वापार असल्याने कायदा मोडण्याचा त्याचा हेतू नव्हता, असे न्यायालयाने मानले. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने चुकीची असलेली लोकसमजूत येथे एका माणसाच्या सुटकेस कारण झाली.

तत्त्वज्ञ इनोऊए एन्‌र्‌यो (१८५८–१९१९) याने अंधश्रद्धा दूर करण्याच्या उद्देशाने योकाईंचा पद्धतशीर अभ्यास केला. यानागिता कुनिओ (१८७५–१९६२) याने १९१० मध्ये तोनो भागातील अशा कथा प्रसिद्ध करून लोकजीवनाचा पुरावा म्हणून त्यांचे महत्त्व दाखविले. भाषेतील योकाईंचे अस्तित्व मात्र श्रद्धेवर अवलंबून नाही. कप्पा कधीच नव्हता हे पक्के ठाऊक असलेला माणूसही स्वतःची चूक सांगताना त्याचाच दाखला देतो.