चर्चा नासू नये म्हणून

१२ एप्रिल १९९४. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील दाम्पत्याने ‘ग्रीन कार्ड लॉटरी’चे अर्ज भरून देण्याची एक जाहिरात यूजनेटवर टाकली. यूजनेट हे त्या काळचे जगभर पसरलेले चर्चांचे जाळे. संगणकापासून स्वयंपाकापर्यंत प्रत्येक विषयाचा तिथे वेगळा गट असे आणि लोक विषय पाहून लिहीत. या दोघांनी मात्र एका छोट्या प्रोग्रामच्या मदतीने तीच जाहिरात पाच हजारांहून अधिक गटांत टाकली. लोक खवळले. तक्रारींचा असा भडिमार झाला की त्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर बसला आणि कंपनीने त्यांचे खाते बंद केले. पण हजारो गटांत एकाच वेळी घुसायला जवळपास काहीच खर्च येत नाही, हे तोवर सगळ्यांना कळून चुकले होते.

हा धंदा किती थोड्या गिऱ्हाइकांवर चालतो, याचा हिशेब २००८ मध्ये पुढे आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो आणि बर्कली इथल्या संशोधकांनी ‘स्टॉर्म’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, व्हायरसने काबीज केलेल्या संगणकांच्या जाळ्यात शिरकाव केला. त्यातून जाणाऱ्या औषधांच्या जाहिरातींमधली लिंक बदलून त्यांनी स्वतः उभारलेल्या नकली दुकानाची लिंक घातली. २६ दिवसांत सुमारे ३५ कोटी ईमेल सुटले. खरेदीपर्यंत पोहोचले २८ जण. टपालाने पत्रके पाठवून कोणी असा व्यापार केला असता, तर पहिल्याच दिवशी त्याचे दिवाळे निघाले असते. इथे पाठवणे फुकट, म्हणून कोट्यवधी लोकांचा वेळ खाऊनही तो परवडतो.

त्यामुळे स्पॅमवरचा, म्हणजे न मागता लादल्या जाणाऱ्या अशा मजकुरावरचा, उपाय शोधताना शास्त्रज्ञांनी आधी खर्चाकडे पाहिले. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्येच सुचवले होते की ईमेल पाठवणाऱ्याच्या संगणकाला प्रत्येक वेळी एक छोटे गणित सोडवायला लावावे. एक पत्र लिहिणाऱ्याला ते जाणवणारही नाही. लाखो पत्रे पाठवणाऱ्याचे संगणक मात्र त्यातच अडकून पडतील. दुसरी वाट फायदा कमी करण्याची. प्रतिक्रियांमध्ये लिंक पेरून जाणाऱ्या अनेकांना वाचकाशी देणेघेणेच नसते. गूगलने आपली साइट वर दाखवावी, एवढ्यासाठी त्यांचा खटाटोप चाललेला असतो. २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने एक खूण ठरवली. ती खूण असलेली लिंक क्रमवारी ठरवताना धरायची नाही. स्पॅम त्याने संपला नाही, पण उघड्या जागेत लिंक टाकण्याचे मोल घटले.

फुकट पसरवता येण्याची भयंकर किंमत महाराष्ट्रानेही मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे जमावाने पाच जणांना ठेचून मारले. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. मारले गेलेले भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. देशात अशा हत्यांची मालिकाच सुरू असताना त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. मजकूर न वाचता, कोणाचे तोंड बंद न करता केवळ वेग कमी करायचा, हा त्यामागचा विचार. तो आधी सुचायला हवा होता.

विकिपीडियाने खर्चाचे हेच तत्त्व उलट्या बाजूने वापरले. तिथे कोणीही लेखात गलिच्छ मजकूर घुसडू शकतो, पण लेखाची प्रत्येक जुनी आवृत्ती जपलेली असते. मराठी विकिपीडियावरही एखाद्या लेखाचा ‘इतिहास’ उघडला की कोणी, केव्हा, काय बदलले ते ओळीने दिसते आणि वाईट बदल दोन-चार क्लिकमध्ये मागे घेता येतो. घाण करायला लागणाऱ्या वेळापेक्षा ती काढायला कमी वेळ लागत असेल, तर घाण करणारा लवकर कंटाळतो.

शिवीगाळीचे मात्र तसे नाही. ती करणाऱ्याला बहुधा पैसा मिळवायचा नसतो. मग ट्रोल, म्हणजे मुद्दाम चर्चा बिघडवणारा, हा वेगळा, मुळातच विकृत माणूस असतो का? जस्टिन चेंग आणि स्टॅनफर्ड, कॉर्नेल विद्यापीठांतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ६६७ लोकांवर प्रयोग केला. काहींना सोपी कोडी दिली, काहींना अवघड कोडी देऊन चिडचिड होईल असे केले. मग सगळ्यांना एका राजकीय लेखावर प्रतिक्रिया लिहायला सांगितली. काहींना वरच्या तीन प्रतिक्रिया साध्या दिसत होत्या, काहींना कुजकट. मूड चांगला आणि आधीच्या प्रतिक्रिया सभ्य, अशा गटातल्या ३५ टक्के लोकांनी ट्रोलसारखे लिहिले. मूड बिघडलेला आणि वर कुजकट प्रतिक्रिया, अशा गटात हेच प्रमाण ६८ टक्क्यांवर गेले. पहिल्या तीन प्रतिक्रिया पुढच्या चर्चेला वळण देतात, हा या प्रयोगाचा धडा आहे. वाईट माणसे हुडकून हाकलत बसण्याइतकेच चर्चेची सुरुवात सांभाळणेही महत्त्वाचे.

सुरुवात कशी सांभाळायची? संशोधक नेथन मटायस यांनी रेडिट या चर्चेच्या साइटवरच्या विज्ञानाच्या एका प्रचंड मोठ्या गटात अगदी साधा उपाय तपासला. काही चर्चांच्या माथ्यावर गटाचे नियम ठळक लावले, काहींवर नाही. कुठे लावायचे ते यदृच्छेने ठरवले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नियम लावलेल्या ठिकाणी नवख्यांचे नियम पाळण्याचे प्रमाण आठ टक्के-बिंदूंहून अधिक वाढले. विशेष म्हणजे भाग घेणाऱ्या नवख्यांचे प्रमाणही सरासरी ७० टक्क्यांनी वाढले. नियम दिसले की लोक बिचकतात, असे आपण धरून चालतो. नव्या माणसाला उलट त्यांचा आधार वाटतो. इथे कसे बोलायचे आणि आपल्याशी कसे बोलले जाईल, हे त्याला कळते.

पण बंदोबस्ताचा अतिरेकही चर्चा मारतो. इंग्रजी विकिपीडियावरच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घटू लागली. संशोधक एरन हाफकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्याचे एक मोठे कारण दाखवले: उपद्रवी बदल पकडण्यासाठी बनवलेली स्वयंचलित साधने आणि कडक होत गेलेले नियम. चांगल्या हेतूने आलेल्या नवख्याचे पहिलेच लिखाण झटकन पुसले जाई. तो पुन्हा येत नसे.

यंत्रावर सगळे सोपवता येईल का? मराठीत तर ते अधिकच अवघड. आपण अर्धे इंग्रजी मिसळून, कधी मराठीच रोमन लिपीत लिहितो, आणि एखाद्या जातीचे नुसते नावही संदर्भ बदलला की शिवी होते. पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ या संशोधक गटाने २०२२ मध्ये २५ हजारांहून अधिक मराठी ट्वीट गोळा करून त्यांना द्वेषमूलक, अपमानकारक, अश्लील आणि साधे असे शिक्के लावले. कोणता मजकूर कशात मोडतो, हे आधी मराठी माणसाने वाचून ठरवावे लागते, तेव्हा कुठे यंत्र शिकते. असे काम कितीतरी अधिक व्हायला हवे. मराठीतून पैसा कमावणाऱ्या कंपन्यांनी मराठी जाणणारी माणसे त्यासाठी नेमावीत, हा आग्रह आपण धरलाच पाहिजे.

तोवर सोसायटीच्या, माजी विद्यार्थ्यांच्या, शेतकऱ्यांच्या ग्रुपचे ॲडमिन बरेच काही करू शकतात. नियम पाच ओळींत लिहून नव्या सदस्याच्या नजरेस पडतील असे ठेवावेत. चर्चा तापण्याआधी, पहिल्या कुजकट मेसेजलाच आवरावे. काढून टाकलेल्या मेसेजचे कारण त्या व्यक्तीला सांगावे. देखरेखीचे ओझे एकाच्या डोक्यावर न टाकता तिघाचौघांत वाटावे. आणि भांडणे होत नाहीत म्हणजे ग्रुप निरोगी आहे, असे समजू नये. काल आलेला सदस्य तिथे न घाबरता प्रश्न विचारतो का आणि त्याला नीट उत्तर मिळते का, यावरून ग्रुपची प्रकृती ओळखावी.