खाऱ्या पाण्यांतला पिसांचा गळ

आज कोणती तिथि आहे हें पंचांग न पाहतां सांगूं शकतील असे आपल्यांत किती जण असतील? शहरांत राहणाऱ्या माणसाला वार लागतो, तारीख लागते. तिथीवांचून त्याचें कांहीं अडत नाहीं. परंतु ज्याला समुद्रकांठीं उभें राहून गळानें मासा धरण्याचा छंद लावून घ्यायचा आहे, त्यानें काठी आणि दोरी विकत आणण्यापूर्वीं रोजची तिथि लक्षांत ठेवण्याची संवय करावी, असें माझें मत आहे. तें कां, हें पुढें येईलच.

ज्या प्रकाराविषयीं मी बोलणार आहें, त्याला इंग्रजींत 'फ्लाय फिशिंग' म्हणतात. फ्लाय म्हणजे माशी. पिसें, केस आणि दोरा गळावर बांधून केलेलें तें एक खोटें आमिष असतें. हा खेळ मूळचा नदीवरचा. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास ईलियन नांवाच्या रोमन लेखकानें, मॅसिडोनियांतले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून व कोंबड्याचीं दोन पिसें लावून मासे कसे फसवीत, हें लिहून ठेवलें आहे. आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत 'मत्स्यविनोद' या नांवाचें एक प्रकरणच आहे. तेव्हां गळ टाकून बसणें हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असें घरांतून कोणी म्हणालें, तर राजाचा दाखला देतां येईल.

समुद्रांतले मासे मात्र माश्या खात नाहींत; ते लहान मासे, कोळंब्या, खेकडे खातात. म्हणून समुद्रावरची 'माशी' ही वस्तुतः एक चिमुकली मासोळीच असते. नांव तेवढें जुनें राहिलें. अमेरिकेंतील बॉब क्लाउझर यांनीं बांधलेली एक माशी आज जगभर वापरली जाते. तिला पुढच्या बाजूस धातूचे दोन जड डोळे असतात. त्यामुळें दोरी ओढली कीं ती वर उसळते, सैल सोडली कीं नाकावर बुडते, आणि गळाचें टोंक वरच्या बाजूस राहिल्यामुळें ती खडकांत सहसा अडकत नाहीं. नवशिक्यानें दोन ते तीन इंच लांबीच्या, पांढऱ्या पोटाच्या व हिरव्या किंवा निळ्या पाठीच्या अशा चारसहा माश्या घेतल्या, तर पहिल्या वर्षास पुरे.

आतां फेकण्याविषयीं. साध्या गळाला शिशाचें वजन असतें. तें वजन दोरीला ओढून नेतें. येथें पिसांना वजन जवळजवळ नसतेंच. म्हणून दोरीच जाड व जड केलेली असते, आणि ती दोरी माशीला घेऊन जाते. सारी विद्या या एका फरकांत आहे. काठीनें दोरी मागें उडवायची, ती पाठीमागें पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचें, आणि मग पुढें टाकायची. हें थांबणेंच कोणाला जमत नाहीं. घाई केली कीं चाबकासारखा आवाज होतो आणि माशी तुटून जाते. पहिले पंधरा दिवस समुद्राकडे जाऊंच नये. घराजवळच्या मैदानांत, गळाऐवजीं लोकरीचा तुकडा बांधून, मान वळवून मागची दोरी पाहत सराव करावा. पन्नास फूट दोरी नीट पडूं लागली कीं पुरे. नवा माणूस नेहमीं क्षितिजाकडे फेकूं पाहतो. मासे बहुतेक वेळां त्याच्या पायांपासून दहा-वीस हातांवर, लाट जेथें वाळू ढवळते तेथें, चरत असतात.

सामान थोडक्यांत सांगतों. नऊ फुटांची, आठ किंवा नऊ क्रमांकाची काठी. खाऱ्या पाण्यानें न गंजणारें रीळ. त्यावर दीडशें वार बारीक राखीव दोरी, तिच्यापुढें संथ बुडणारी जाड दोरी, आणि शेवटीं आठ-नऊ फूट तंगूस. तंगुसाची गांठ आवळण्यापूर्वीं ती थुंकीनें ओली करावी, नाहीं तर घर्षणानें तंगूस कमजोर होतें. आणखी एक वस्तु दुकानांत मागितली तर महाग मिळते, ती घरींच करावी: कमरेला बांधण्याची परडी. ओढून घेतलेली दोरी पायाशीं सोडली तर लाट तिचा गुंता करते; परडींत सोडली तर पुढच्या फेकीस ती मोकळी सुटते. गळाचा उलटा कांटा पकडीनें चेपून टाकावा. मासा सोडतांना तें बरें पडतें, आणि गळ स्वतःच्या कानांत रुतला तर त्याहूनही बरें पडतें.

हा कान मी विनोदानें आणलेला नाहीं. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यांत पहांटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो; तो पाठीमागून येतो आणि फेक लांब नेतो. दुपारीं खारा वारा सुटतो आणि तो बहुधा वायव्येकडून येतो. म्हणजे समुद्राकडे तोंड करून उभें राहणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर. उजव्या हातानें फेकणाऱ्याची दोरी अशा वेळीं सरळ त्याच्या डोक्यावर येते. तेव्हां पाठ समुद्राकडे करावी, फेक जमिनीकडे करावी आणि मागची दोरी समुद्रावर सोडावी. तेंही न जमेल तर घरीं जावें. चष्मा व टोपी दोन्ही वेळां हवींत. म्हणून दिवाळीपासून होळीपर्यंतच्या पहांटा हाच नवशिक्याचा खरा हंगाम. पावसाळ्यांतल्या समुद्राशीं खेळूं नये.

आणि आतां तिथि. कोंकणांत एक जुना हिशेब आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा; सकाळीं व संध्याकाळीं सहाच्या सुमारास भरती. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून छापील कोष्टकही पाहावें. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमी-नवमीच्या आसपास भांग. पण नुसती वेळ कळून भागत नाहीं. पाणी सहा तासांत सारख्या गतीनें चढत नाहीं. पहिल्या तासांत एकूण चढीचा जेमतेम बारावा भाग चढतो, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून निम्मी चढ होते.

हें गणित मी पुस्तकांतून नव्हे, एका खडकावर शिकलों. रायगड जिल्ह्यांतील एका खाडीच्या मुखाशीं, पौर्णिमेनंतरच्या चतुर्थीला, सकाळीं नऊ वाजतां पूर्ण ओहोटी पाहून मी घोट्याएवढ्या पाण्यांतून खडकावर गेलों. दहा वाजतां मागें वळून पाहिलें. कांहीं बदललेलें दिसेना. मासे माशीमागें येत होते, मी पुढें पाहत राहिलों. साडेअकराच्या सुमारास किनाऱ्यावरून हांक आली. पाग टाकणारे एक वृद्ध कोळी आजोबा हातवारे करीत होते. मागची घळ छातीएवढी भरली होती आणि पाण्याला ओढ होती. आजोबांनीं पागाची दोरी फेकली. ती धरून मी कसाबसा बाहेर आलों. काठी खडकावरच राहिली. धापा टाकीत बसलों असतां त्यांनीं रागावून एवढेंच विचारलें, "साहेब, आज तिथि कोणती?" मला सांगतां आली नाहीं.

तेव्हांपासून माझा नियम असा: लाटेनें भिजलेल्या खडकावर उभें राहायचें नाहीं, एकट्यानें जायचें नाहीं, आणि परत येण्याची वाट पाण्यानें कापली जाईल अशा जागीं मुळीं जायचेंच नाहीं. खाडीच्या मुखाशीं वाळूचा किनारा पाहावा. ओहोटी लागली कीं तिवरांतून आणि खाजणांतून पाणी उतरूं लागतें. त्याबरोबर बोईचीं पिल्लें आणि कोळंबी खालीं येते, आणि ओहोळाच्या तोंडाशीं जिताडा, तांबोशी त्यांची वाट पाहत असतात. माशी प्रवाहाला आडवी टाकावी, क्षणभर बुडूं द्यावी, आणि डाव्या हातानें दोरी हातभर, थांबून थांबून, ओढावी. मासा लागला कीं काठी उचलूं नये. आधीं दोरीच ओढून गळ रुतवावा. नदीवर शिकून आलेले लोक येथेंच चुकतात.

पाण्यांत चालतांना पाऊल उचलून टाकूं नये, वाळूवरून घासत न्यावें. वाळूंत पाकट पुरून घेऊन पडलेलें असतें, तें धक्का लागतांच निघून जातें, पण त्यावर पाय पडला तर शेपटीचा कांटा मारतें. शिंगाळा लागला तर पकडीनें सोडवावा, हातानें नव्हे. कांटा लागलाच तर जखम सोसेल तितक्या गरम पाण्यांत धरावी आणि डॉक्टर गांठावा.

जेथें कोणी रापण ओढीत असेल किंवा पाग टाकीत असेल, तेथें आपण दूर व्हावें. आपली हौस आहे, त्यांचा तो संसार आहे. शिवाय पाणी कोठें फिरतें आणि मासा कोठें येतो हें त्यांना ठाऊक असतें. नम्रपणें विचारलें तर बहुधा सांगतातही. मला जिताड्याची पहिली जागा त्याच आजोबांनीं दाखविली. हा मासा नर म्हणून वाढतो आणि मोठेपणीं मादी होतो, म्हणून फार मोठा लागला तर मी तो पाण्यांतच सोडून देतों. घरांत या गोष्टीवरून दरवेळीं बोलणीं बसतात.

परत आल्यावर काठी, रीळ आणि दोरी गोड्या पाण्यानें धुवावी. नळाची जोराची धार रिळावर सोडूं नये, मीठ आंत शिरतें. ओल्या फडक्यानें पुसून सावलींत वाळवावें. माश्या डबींत कोंबण्यापूर्वीं वाळूं द्याव्या. आणि परडी त्याच दिवशीं धुवावी. दुसऱ्या दिवशीं धुवीन म्हणून मीं ती एकदां गॅलरींत ठेवली होती. तेव्हांपासून ती गॅलरींत ठेवण्यास मला मनाई आहे.