नळीवरच्या नावावर जाऊ नका

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्यावरची हत्यारं पोलिस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. मेळघाटातल्या धारणीपासून खाली परतवाडा-अचलपूरपर्यंतच्या एखाद्या जुन्या घरातून पणजोबांच्या वेळचं रिव्हॉल्वर फडक्यातून बाहेर येतं ते अशा वेळी. परवान्यावर एवढंच लिहिलेलं असतं: '.३२ बोअर रिव्हॉल्वर, विदेशी'. म्हणजे कुणाचं, कुठलं, केव्हाचं? वारस ठामपणे सांगतात, 'वेब्ली आहे'. आपल्याकडे मोडून भरायचं प्रत्येक रिव्हॉल्वर वेब्लीच असतं!

पारख करायची ती आधी रिकामं झाल्याची खात्री करून, आणि तीही जाणत्या माणसाच्या हातून. मग पाहायचा सांगाडा. बिजागरीवर नळी पुढे झुकून घरं उघडी पडत असतील तर ते मोडणीचं. वेब्लीची बरीच रिव्हॉल्वरं अशी असतात, पण कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ सुद्धा वेब्लीच्या चौथ्या मार्कवर बेतलेलं, तसंच मोडणारं. चक्र डावीकडे बाहेर पडत असेल तर गोष्ट अमेरिकेकडे झुकते.

स्मिथ अँड वेसनचं त्या धर्तीचं पहिलं रिव्हॉल्वर १८९६ चं. छोटा सांगाडा, .३२ चं काडतूस, सहा घरं. त्याची खूण मजेशीर आहे: कंपनीचं नाव आणि पेटंटच्या तारखा नळीवर नाहीत, चक्रावर आहेत. शिवाय चक्र अडवणारा खटका वरच्या पट्टीत बसवलेला. १९०३ च्या मॉडेलात तो खाली गेला आणि मजकूर नळीवर आला. भिंग घेऊन चक्र फिरवलं की एवढ्यावरून सात वर्षांचा फरक कळतो.

पण नाव फसवतंही. स्पेनच्या एइबार गावातल्या कारखान्यांनी स्मिथ अँड वेसनच्या नकला ढिगाने काढल्या. सांगाड्यावरचं गोल चिन्ह लांबून त्याच कंपनीचं वाटतं, जवळून पाहिलं तर त्यात ओर्बेआ बंधूंची 'ओ' आणि 'एच' ही अक्षरं गुंफलेली. वेब्लीच्या बुलडॉगचीही बेल्जियमच्या लिएजमध्ये तशीच गत झाली.

माझा भरवसा नावापेक्षा चाचणीच्या शिक्क्यांवर जास्त. लंबगोलात 'ईएलजी' असेल तर लिएज. मुकुटाखाली 'बीव्ही', 'बीपी', 'एनपी' असेल तर बर्मिंगहॅम, १९०४ नंतरचं. त्यातलं 'एनपी' म्हणजे धूरविरहित दारूची चाचणी झालेलं. हा शिक्का नसलेल्या जुन्या हत्यारात आजचं काडतूस घालणं म्हणजे स्वतःच्या बोटांशी वैर. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' दिसलं म्हणून हुरळू नये: तो खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा शिक्का, बंदुकीच्या जन्माशी त्याचा संबंध नाही.

बोअर मात्र नीट वाचायचा. .३८ आणि .४५५ आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, .३२ नाही, कागदावर एक आकडा चुकला तर हत्याराची जातच बदलते.

शेवटी नंबर. स्मिथ अँड वेसनचा मुठीच्या बुडाशी असतो, चक्राच्या मागच्या तोंडावरही. दोन्ही जुळत नसतील तर कुणीतरी चक्र बदललं आहे. आणि परवान्यावर पेटंटची तारीखच नंबर म्हणून उतरली असेल, तर हरिसाल-सेमाडोहचा घाट उतरून अमरावतीच्या कलेक्टर कचेरीत अर्ज द्यावा लागतो.